आमे आली होती

डिग्रीची शेवटची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली. मे महिन्याच्या शेवटी एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा होती. मधले दोन महिने म्हैसूरला, विजयनगरच्या आमच्या घरात काढायचे, या विचारानेच माझे पाय वळवळायला लागले. मी या खोलीतून त्या खोलीत जायची, फ्रिज उघडायची, काही न घेता बंद करायची, गच्चीवर जायची, परत खाली यायची.

"सुम्ने एका ठिकाणी बैस की गे," आई म्हणायची. "बघून बघून मलाच चक्कर येतीय."

सुम्ने म्हणजे उगीच, गप्प, काही न करता. ते मला कधीच जमलं नाही.

बोलणंही जमत नसे, ती गोष्ट वेगळी. मामाने त्याचा जुना कॅमेरा मला देऊन टाकला तेव्हा पहिल्यांदा मला बाहेर हिंडायला एक कारण मिळालं. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या मुलीला कोणी फार प्रश्न विचारत नाही. दोन वर्षं मी कुक्करहळ्ळीच्या तळ्याभोवती फिरले, झोळीवाले पेलिकन आणि पाणकावळे काढले, आणि मग तळं मला पुरेनासं झालं. मला समुद्र हवा होता. देवगडच्या बाजूला एका गावात माझी आत्या राहते, शाळेत चित्रकला शिकवते. तिला मी फोन केला.

"ये की," ती म्हणाली. "पण ऊन फार आहे हं. आणि माणसांशी बोलावं लागतं इथे."

हे ती चेष्टेने म्हणाली होती. बाबांनी मात्र ते उचलून धरलं. "बोलू दे की चार लोकांशी. मराठी तरी सुधरेल, अल्वा, हो की नाही?"

आमच्या मराठीबद्दल इथेच सांगायला हवं. आमचे पूर्वज कापड रंगवणारे, छापणारे. म्हैसूरला ते कधी आले हे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. रंगाचे हौद केव्हाच गेले. लष्कर मोहल्ल्यातलं दुकान गेलं. बाबा नोकरीला लागले आणि आम्ही विजयनगरला आलो. भाषा तेवढी राहिली, तीसुद्धा अर्धी. आमच्याकडे क्रियापदं मराठी, वस्तू बऱ्याचशा कानडी, आणि भांडण वाढलं की इंग्रजी. मी शिकले इंग्रजी शाळेत. मराठी वाचायला लागले ती या सगळ्यानंतर. तोवर माझी समजूत अशी होती, की आम्ही घरात बोलतो ते सगळे शब्द मराठीच आहेत.

समुद्रावर पहिले आठ दिवस मी कोणाशी फारसं बोललेच नाही. पहाटे साडेपाचला निघायचं, ऊन चढेपर्यंत किनाऱ्याने चालायचं, दुपारी आत्याच्या ओसरीवर येरझाऱ्या घालायच्या, चारला पुन्हा बाहेर. तळ्यावरचे पक्षी आपल्या जागी येऊन बसतात, आपण फक्त वाट बघायची. इथे सगळंच पळत होतं. चिखल्या नावाचे छोटे पक्षी लाट मागे सरली की तिच्यामागे धावायचे, लाट आली की माझ्या दिशेने धावायचे, आणि मी फोकस करेपर्यंत तिसरीकडेच असायचे. वाळूच्या रंगाचे खेकडे बिळाच्या तोंडाशी डोळे उभे करून बसायचे. मी पोटावर सरपटत दहा हात जवळ गेले की दिसेनासे व्हायचे. एक समुद्रगरुड सुरूच्या बनातल्या उंच झाडावर यायचा, पण नेमका मी लेन्स पुसत असताना. दुपारी कॅमेऱ्यात बघावं तर पंखांची टोकं, रिकामी बिळं, नुसती वाळू. मला राग यायचा आणि संध्याकाळी मी आणखी लांब जायची.

नवव्या दिवशी सकाळी गावाच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, मला तो माग दिसला.

ओल्या वाळूतून वर कोरड्या वाळूकडे गेलेला, ट्रॅक्टरचं एकच चाक फिरावं तसा रुंद पट्टा. वर थोडी वाळू उकरून पुन्हा थापल्यासारखी दिसत होती, आणि तिथून दुसरा पट्टा समुद्राकडे परत. मी असे माग इंग्रजी मासिकांत बघितले होते. काय आहे ते एका क्षणात कळलं. मी वाकून, बसून, आडवी होऊन वीस-पंचवीस फोटो काढले. लाटेने खालचा अर्धा माग माझ्या डोळ्यांसमोर पुसून नेला.

या गावात असे माग सोडून जाणाऱ्यांची अंडी राखणारे एक काका होते. आत्याने पहिल्याच दिवशी लांबून दाखवले होते. गावात त्यांना कासवमित्र म्हणतात हे मला नंतर कळलं. थंडीभर ते पहाटे किनारा फिरायचे, रात्री घातलेली अंडी उन्हं वर यायच्या आत बादलीत घालून कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरायचे. एप्रिल लागला होता, हंगाम संपला म्हणून त्यांनी पहाटेची फेरी बंद केली होती. म्हणजे हा माग माझ्याशिवाय कोणी बघितला नव्हता. खाडीच्या बाजूला कुत्री हिंडतात हे मला माहीत होतं. मी स्वतःच त्यांना घाबरून रोज तिथून परत फिरायची.

आत्या शाळेच्या कामाला कणकवलीला गेली होती, संध्याकाळी येणार होती. मी एकटीच काकांच्या घरी गेले.

त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आंब्यांचा ढीग होता. काकू आणि दोन बायका गवत अंथरून पेट्या भरत होत्या. काका खिळे ठोकत होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं, तेच बोलले.

"काका, आमे आली होती. रात्री. तिकडे, वाळूत."

"आंबे इले?" काकू म्हणाल्या. "रात्री? वाळूत?"

"हो. समुद्रातून आली आणि परत गेली."

मग दोघींतल्या एकीने हातातला आंबा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

"गो बाय, समुद्रातसून आंबे येतत?"

"म्हैसूरात येत असतीत!"

"आणि परत पण जातत? माका सांग, पेटी घेऊन जातत की तसेच?"

खळं हसण्याने भरून गेलं. काकाही हसत होते, वाईट हसणं नव्हतं ते. त्यांनी ढिगातला एक आंबा उचलून माझ्यापुढे धरला. "घे, ह्यो खा. वाळूतलो न्हय, झाडावरचो."

माझं काय चुकलं ते मला तेव्हा खरंच कळलं नाही. आमे हा आमच्या घरातला शब्द. आजी गोष्टीत सांगायची, ससा आणि आमे. तो शब्द कानडी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कासव हा शब्द माझ्या तोंडात कधी आलाच नव्हता. मला एवढंच दिसलं, की मी तोंड उघडलं आणि लोक हसले. शाळेपासून हे माझ्या ओळखीचं आहे. असं झालं की मग कुठल्याच भाषेत माझ्या तोंडून काही बाहेर येत नाही.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. त्यातला एक फोटो दाखवला असता तर काका हातोडी टाकून उठले असते. मी दाखवला नाही. आंबा घेतला, मान डोलावली आणि निघून आले.

तो दिवस मी कसा घालवला ते आठवलं की अजून अंग आखडतं. मी स्वतःला सांगत राहिले की काही वेळा ती नुसतीच वर येतात आणि अंडी न घालता परत जातात. मासिकात तसं वाचलं होतं. ओसरीवर शंभर फेऱ्या झाल्या. संध्याकाळी मी मुद्दाम उलट्या दिशेला गेले आणि एकही फोटो काढला नाही. आत्या आली, तिने विचारलं, "काय काय दिसलं आज?" मी म्हणाले, खेकडे. तिला शब्द विचारला असता तर तिने सांगितला असता. पण मग सकाळचं हसणंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खाडीकडे गेले. लांबूनच कावळे दिसले.

खड्डा हातभर खोल होता. भोवती कुत्र्यांच्या पायांचे ठसे, आणि सगळीकडे पांढरी कवचं, मऊ, चामड्यासारखी, फाटलेली. काहींना पिवळं लागलेलं, त्यावर मुंग्या. मी कावळ्यांना हाकललं. मग एक कवच मुठीत घेतलं आणि पळत सुटले.

या वेळी मी एक शब्दही बोलले नाही. मूठ उघडून दाखवली. काका दात घासत होते, त्यांनी तसेच पाणी थुंकून बादली उचलली. वाटेत ते माझ्यापेक्षा जोरात पळत होते.

खड्ड्याशी बसून त्यांनी हाताने हळूच वाळू बाजूला केली. खाली आणखी अंडी होती, न फुटलेली, एकमेकांना चिकटून. त्यांच्या तोंडून हुश्श झालं.

"बरी वाचली खालची. रात्रीचीच ना गं ही? काल रात्री घातलेली?" माझ्याशी बोलताना ते मालवणी सोडून सावकाश मराठी बोलायचे. "लगेच हॅचरीत नेऊ. कुत्री परत येतील."

मी मुठीतलं कवच खाली वाळूत ठेवलं.

माग तर उरलाच नव्हता. वारा, भरती आणि कुत्री यांनी सगळं सारखं करून टाकलं होतं. अंडी कधीची ते त्यांना कळायला दुसरा काही मार्ग नव्हता. त्यांनी बादलीच्या तळाशी ओली वाळू घातली आणि पहिलं अंडं बोटांत धरलं.

मला माहीत होतं. हेही मासिकातलंच. अंडी घातल्यावर काही तासांत हलवली तर चालतं. दिवस उलटून गेला की आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं नुसतं कलतं झालं तरी मरतो. मी हो म्हटलं असतं तर मी काल गप्प बसले हे कोणालाच कळलं नसतं. अंडी हॅचरीत गेली असती, पन्नास दिवसांनी एकही फुटलं नसतं, आणि सगळे म्हणाले असते, उशिराची होती, उन्हाने गेली.

"नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"हलवू नका. काल. काल सकाळी मी... परवा रात्रीची आहेत." शब्द सापडेनात म्हणून मी कॅमेरा चालू केला आणि त्यांच्यासमोर धरला. माग होता, थापलेली वाळू होती, कोपऱ्यात आदल्या दिवसाची तारीख आणि सहा वाजून दहा मिनिटं.

त्यांनी वाकून त्या छोट्या पडद्यावरची तारीख वाचली. बोटांत अंडं तसंच होतं, त्यांनी ते जराही फिरवलं नव्हतं.

"काल आली होतीस ती हेच सांगायला?"

"हो."

"आंबे," ते स्वतःशीच म्हणाले.

मग अंडं होतं तसं, त्याच बाजूवर, परत ठेवलं आणि दोन्ही हातांनी वाळू लोटली. मी बोलणी खायची वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरटं हलवता येत नाही म्हटल्यावर कुंपणच तिथे न्यावं लागलं. बांबूचे चार खांब, जुनं मासेमारीचं जाळं, खाली दगड, वर दुपारच्या उन्हासाठी झावळ्या. खांब मी धरले. फाटकी कवचं मी एकेक करून गोळा केली आणि मोजली. बासष्ट होती. काकांना आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली.

त्यानंतर माझं फिरणं त्या जाळ्याभोवतीच राहिलं. सकाळी तिथे, संध्याकाळी तिथे. चिखल्या पक्षी जवळून पळत जायचे, मी कॅमेरा उचलायची आणि डोळा जाळ्याकडे जायचा. एकदा समुद्रगरुड अगदी डोक्यावरून मासा घेऊन गेला, पंजातली शेपटी हलताना दिसली, आणि मी काठीने कुत्र्याला हाकलत होते. कुत्र्यांची भीती कधी गेली ते कळलं नाही. काकू कधीकधी येऊन बसायच्या. "काय गो, तुझे आंबे पिकले?" असं विचारायच्या, आणि मी हसायला शिकले. त्या बासष्टांचं त्यांना माहीत नव्हतं. काकांनी घरी सांगितलंच नव्हतं.

बाबांचे फोन सुरू झाले. "परीक्षा म्हैसूरला आहे, समुद्रात नाही. साकु, पुरे आता. परत ये."

"अजून दहा-बारा दिवस..."

"वाळूकडे बघून काय होतंय? तू बघितलंस म्हणून लवकर येणार आहेत का ती?"

मेच्या मध्यावर मी निघाले. शाळेला सुट्टी लागली होती, आत्याही माझ्याबरोबर भावाकडे आली. निघताना काका म्हणाले, "बघतो मी. तू अभ्यास कर."

अभ्यास कसला होतोय. पुस्तकाच्या कडेला मी दिवस मांडत होते, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. म्हैसूरला दुपारी ढग यायला लागले आणि मला भरतीची काळजी लागली. वळवाची सर आली की वाटायचं, तिथेही पडली असेल, वाळू गार झाली असेल, किंवा लाट जाळ्यापर्यंत आली असेल. उन्हात उठून मी तळ्याला फेऱ्या मारायची. परीक्षा दिली. बरी गेली की वाईट, घरी येईपर्यंत आठवेना. बावन्न, त्रेपन्न. फोन नाही. चोपन्न. पंचावन्न. फोन येत नाही याचा एकच अर्थ माझ्या डोक्यात बसला होता.

"आत्या, तू विचार ना त्यांना," मी म्हणाले.

"मी कशाला? अंडी तुझी."

"माझी मराठी..."

"काय झालं तुझ्या मराठीला? चाळीस दिवस त्या कुत्र्यांना कुठल्या भाषेत हाकलत होतीस?" तिने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबून स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा पेपर वाचायचं सोंग करत होते. मी फोन घेऊन गच्चीवर गेले.

"काका, मी. म्हैसूरहून."

"अगो! तू होतंस खंय?" त्यांचा आवाज एवढा मोठा होता की मी फोन कानापासून लांब धरला. "चार दिवस झाले! परवाच्या आधी दोन दिवस, पहाटे आली सगळी. एकतीस गेली पाण्यात. तुझी आत्या तिकडे, घर बंद, तुझो नंबर खंय आसा माझ्याकडे? तू दिलंसच नाय कोणाक!"

खरं होतं. गावात इतके दिवस राहून मी माझा नंबर एकाही माणसाला दिला नव्हता. आत्याचा मात्र त्यांच्या वहीत कुठेतरी असणार, पण काका वहीत नंबर शोधणाऱ्यांतले नव्हते.

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी होते. एकतीस, असं दोनदा म्हणाले. मग विचारलं, "बाकीची?"

"काल घरटं उघडलं मी. नऊ फुटलीच नाहीत. एक अर्ध्यावर गेलं. असंच असतं गं, सगळी कधी येत नाहीत." मग म्हणाले, "फोटो काढायला तू नव्हतीस एवढंच. पोराटोरांनी मोबाइलवर काढलेत, काही दिसत नाही त्यात."

मला फोटोचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण नंतर, बरेच दिवसांनी. त्या वेळी मी मनात बेरीज करत होते. एकतीस, नऊ, एक. आणि बासष्ट.

"काका, तुमच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंत?"

"सगळं लिहितो मी. तारीख, किती घातली, किती गेली. वनखात्याला द्यावं लागतं."

"त्या बासष्टांचं?"

"लिहिलंय ना. कुत्र्यांनी खाल्ली."

"एवढंच?"

"मग आणि काय?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मी तो जाईपर्यंत थांबले. फोनवर माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता.

"आदल्या दिवशी सकाळी सहा वाजता कासवाचा माग दिसला होता," मी म्हणाले. "बघणारीने सांगितलं नाही. म्हणून गेली. असं लिहा."

पलीकडे त्यांनी खोकून घसा साफ केला.

"तसं लिहायची गरज नाही गं," ते हळू म्हणाले. "तू सांगायला आली होतीस. हसलो आम्ही."

"मग तेही लिहा."

"हसलो ते?" ते एकदम हसले, मग थांबले. "वनखात्याच्या रजिस्टरात?"

"हो."

"थांब हां. पेन घेतंय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. काकूंनी लांबून काहीतरी विचारलं, काकांनी "म्हैसूरचा फोन" म्हणून उत्तर दिलं. मग पानं उलटल्याचा आवाज, आणि ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहायला लागले. "आदल्या दिवशी... सकाळी... सहा दहा. बरोबर? सहा दहाच ना?"

"सहा दहा," मी म्हणाले.

"माग दिसला... खबर आली... पण ऐकणाऱ्यांना..." ते अडले. "पुढे कसं लिहू?"

मला मराठी लिहिता येत नव्हतं तेव्हा. तरी मी सांगत गेले, आणि ते लिहीत गेले.